वरचे सूर

“थांब,” अक्का म्हणाली. “परत तिथंच चुकलास.”

“मी नाही चुकलो. बोट आत गेलं.”

“बोट आत गेलं म्हणजे? तुझंच बोट आहे ना ते?”

मी उजवा हात उचलून तिला दाखवला. काहीच झालं नव्हतं. पाचही बोटं सरळ, मोकळी. मग हात परत तारांवर ठेवला, तर अंगठीचं बोट हळूच वाकलं आणि तळहातात जाऊन बसलं. मी ते वाकवलं नव्हतं. सरळ हो म्हटलं तर होईना. हात गिटारवरून उचलला की पुन्हा शहाण्या पोरासारखं सरळ.

अक्का हसली. मलाही हसू आलं. त्या दुपारी आम्हा दोघांना ती गंमतच वाटली, हे आज सांगायला जड जातं.

खिडकीतून लाखेचा वास येत होता. आमच्या समुद्रे सरांची खोली मिरजेत तंबोरे-सतारी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर होती. खाली अंगणात भोपळे वाळत पडलेले, ओट्यावर कारखान्याचे मालक चाचा तंबोऱ्याच्या घोडीची जवारी घासत बसलेले, आणि वर आम्ही बहीण-भाऊ अर्जेंटिनाची मिलोंगा नावाची नाचाची चाल वाजवतोय. आमची टिंगल करायला गावाला एवढं पुरेसं होतं. चाचा जिन्यात भेटले की विचारायचे, “काय सायलस, तुमच्या अमेरिकेत पाऊसपाणी कसंय?”

“दक्षिण अमेरिका, चाचा.”

“दक्षिण काय नि उत्तर काय. यमन येतो काय तिकडं?”

बेंजामिन समुद्रे सर आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. आडनावाला जागून समुद्रावर गेला, असं आमच्या ख्रिस्ती कॉलनीतले म्हातारे म्हणत. एकदा तापानं फणफणले म्हणून त्यांना दक्षिण अमेरिकेत मोंटेव्हिडिओच्या बंदरात उतरवलं, आणि बरे झाल्यावर ते जहाजावर परत गेलेच नाहीत. कित्येक वर्षं एका म्हाताऱ्या गिटारवाल्याच्या घरी राहिले. परत आले ते एक गिटार आणि छापील संगीतानं भरलेली पत्र्याची भलीमोठी ट्रंक घेऊन. आमचे वडील गेल्यावर आईनं आम्हाला त्यांच्याकडे घातलं, ते खरं तर संगीतासाठी नव्हे. आई नर्स होती, तिची ड्यूटी कधी संपेल याचा नेम नसायचा, आणि पोरं रस्त्यावर हुंदडण्यापेक्षा एका जागी बसलेली बरी. मी तेव्हा इतका लहान होतो की गिटारमागे दिसायचो नाही.

सरांचा एक नियम होता. दोन गिटारींनी वाजवताना पायानं ताल धरायचा नाही, मान हलवायची नाही, एक-दोन-तीन म्हणायचं नाही. पहिल्या गिटारनं नाकानं श्वास घ्यायचा. तो श्वास जिथं भरतो तिथं दोघांनी मिळून तार छेडायची. “माणसं दोन, नाक एक,” सर म्हणायचे. अक्का पहिली गिटार, मी दुसरी. तिच्या श्वासावर मी इतका वाढलो होतो की घरी पलंग हलवायचा असो नाहीतर पाण्याचं पिंप, ती श्वास घ्यायची आणि मी उचलायचो. आई म्हणायची, “तोंडानं बोला की रे. मुकी आहात काय?”

दुसरा नियम नखांचा. उजव्या हाताची नखं वाढवायची आणि रोज सकाळी घासून गुळगुळीत करायची. त्यासाठी आम्ही खालून वापरून झिजलेला पॉलिश पेपर आणायचो. माझ्या नखांवरून कॉलेजात पोरं काय काय बोलायची ते इथं लिहीत नाही. अक्काची अडचण वेगळी होती. लांब नखांनी भाकरी फाटते, म्हणून ती डाव्या हातानं थापायची. आवाज लंगडा यायचा आणि भाकरी एका बाजूला जाड व्हायची. ते बघून आई दर खेपेला कपाळाला हात लावायची, “हिला कोण नांदवणार गं बाई!”

त्या वर्षी आमचं नशीब उघडायच्या बेतात होतं. पुण्याला एका कार्यक्रमात मोंटेव्हिडिओच्या एका संगीतशाळेतल्या बाईंनी आम्हाला ऐकलं. मिरजेतली दोन पोरं त्यांच्याकडचं संगीत वाजवतात, तेही तिथल्या जुन्या लोकांच्या वळणानं, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की डोळे पुसतच त्या आत आल्या. त्यांनी आमच्या जोडीला तिकडं येऊन शिकायचं बोलावणं दिलं. अट एकच. डिसेंबरात मुंबईला त्यांच्या लोकांसमोर एक अख्खा कार्यक्रम वाजवून दाखवायचा. त्या दिवसापासून सरांचे पाय जमिनीवर नव्हते. ज्या म्हाताऱ्यानं त्यांना घरात घेतलं, त्याच्या गल्लीत त्यांची पोरं वाजवणार होती.

आणि ऑगस्टात माझं बोट आत गेलं.

सरांनी पाहिलं आणि त्यांना जे ठाऊक होतं तेच सांगितलं. “हात आळसावलाय. सावकाश वाजव. जास्त वाजव.”

मी वाजवलं. सावकाश वाजवलं, जास्त वाजवलं. आमच्या धंद्यातलं शहाणपण एवढंच. गाणारा असो की वाजवणारा, अडलं की रियाज. या दुखण्याला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. मेंदूत त्या बोटाची जी खूण असते ती पुसट होते, आणि जितकं घासाल तितकी आणखी पुसते. तेव्हा हे ना सरांना ठाऊक होतं ना सांगलीच्या डॉक्टरांना. डॉक्टरांनी हात दाबून, वाकवून पाहिला. “पेन धरता येतं? जेवता येतं? मग झालं की. काही नाही झालेलं.”

तेच तर होतं. जेवता येत होतं. सुईत दोरा ओवता येत होता. शर्टाची बटणं लागत होती. कॅरममध्ये तर मी कॉलनीत कुणाला हार जात नव्हतो. फक्त गिटारवर हात ठेवला, की बोट आत. आईनं तिळाचं तेल चोळलं. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मावशी म्हणाली, पोरानं परदेशाची धास्ती घेतलीय. कॉलनीत निघालं की सायलस सोंग करतोय. कधी कधी मलाही वाटायचं की हे सोंगच असेल, फक्त मला न विचारता केलेलं.

दसऱ्याच्या आसपास एका दुपारी अक्कानं माझ्या स्टँडवरचे कागद उचलले आणि आपल्या स्टँडवर ठेवले.

“वरचे सूर मी घेते,” ती म्हणाली. “तू अंगठा आणि पहिलं बोट सांभाळ. खालचा ताल तेवढा सोडू नकोस.”

“आणि तुझे सूर?”

“माझेही मीच घेते. त्यात काय एवढं.”

त्यात खूप होतं. ते संगीत दोन माणसांसाठीच लिहिलेलं. एक गिटार काही म्हणते, दुसरी तिचं बोलणं मध्येच तोडते, मग दोघी एकदम बोलतात. वर असं दोघींचं भांडण आणि खाली घोड्याच्या चालीसारखा अंगठ्याचा ठेका. अक्का आता ते भांडण एकाच हातानं दोन्ही बाजूंनी भांडणार होती. मी कॉलेजला जायचो तेव्हा ती गिटार घेऊन बसलेली असायची, परत यायचो तेव्हाही बसलेलीच. जेवणाचं ताट तिच्याजवळ झाकून ठेवलेलं असायचं.

पण तिनं ते जमवलं. ऑक्टोबर संपता संपता आम्ही मिलोंगा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. जिना उतरताना चाचा म्हणाले, “आज अमेरिकेत बरीच गर्दी होती रे.” त्यांना गर्दी वाटली, त्यातली निम्म्याहून जास्त एकटी अक्का होती.

मग माझं मधलं बोटही आत जायला लागलं. अंगठ्याचा ठेका अडखळला. आता घेण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी मी सायकल घेऊन कृष्णेच्या पुलावर जाऊन बसायला लागलो. तिथं काय करतोस असं कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. एकदा अक्का चालत तिथवर आली. कठड्याला टेकून उभी राहिली. खाली पाणी काळं दिसत होतं.

“चल,” ती म्हणाली. “आमटी निवतेय.”

“तू हो पुढं.”

“मी तुला घेतल्याशिवाय जाणार नाही. आणि मला भूक लागलीय.”

मी उठलो. ती सायकलच्या मागं बसली आणि घर येईपर्यंत माझा शर्ट मुठीत धरून होती.

नोव्हेंबरात सरांनी पुण्याहून नेव्हिल नावाच्या गिटारवाल्याला बोलावून घेतलं. नेव्हिल कॅम्पातला, उंच, अदबीनं बोलणारा, वाजवायच्या आधी हात धुणारा. नाव ठेवायला त्याच्यात जागाच नव्हती, याचा मला फार राग यायचा.

“बोलावणं जोडीला आहे,” सर माझ्याकडे न बघता म्हणाले. “जोडी म्हणजे दोन गिटारी.”

“आमची नावं छापली होती सर, पुण्याला.”

“सायलस, तुझा हात बरा होईल. देव करो नि उद्याच होवो. तोवर तबिथानं थांबायचं काय? तूच सांग.”

तबिथा म्हणजे अक्का. ती खाली मान घालून तारा फडक्यानं पुसत होती. पुसून झालेल्याच पुन्हा पुसत होती.

“अक्का, जा तू,” मी म्हणालो.

“जाऊ म्हणतोस?”

“मग काय इथं बसून माझ्या बोटाची राखण करणार?”

“मनापासून सांग सायल्या.”

“मनापासूनच सांगतोय.”

ते खोटं नव्हतं. ती जावी असं मला वाटत होतं. आणि ती गेली तर दुसऱ्या दिवशी मी कुणाला तोंड दाखवणार नाही, असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि सांगायला त्यातलं एकच बरं होतं.

त्यांची तालीम सुरू झाली. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कागद उलटायचं काम पत्करलं. पहिल्या दिवशी अक्कानं नाकानं श्वास घेतला आणि नेव्हिल बरोबर त्यावर आला. मला वाटलं होतं, चुकेल. चुकावा म्हणून मी प्रार्थना केली होती. आमचा श्वास होता तो. लहानपणापासून मी एकट्यानं ऐकलेला. आणि हा माणूस काल बसमधून उतरून त्यावर वाजवत होता, माझ्यापेक्षा चांगला वाजवत होता.

“नेव्हिल, हे वरचे सूर तू घेतोस काय?” अक्का म्हणाली.

“हो, घेतो. माझ्याच भागातले आहेत ना?”

माझ्या भागातले होते. पण पुढं तिनं आणखी सांगितलं. “आणि हा तुकडाही घे.”

सर तापले. “तबिथा, तो तुझा तुकडा आहे.”

“त्याच्या हातात जास्त शोभतो सर.”

रोज एखादा तुकडा ती त्याच्याकडे सरकवत होती. माझे सूर तिनं जिवाचं रान करून सांभाळले होते, आणि नेव्हिल आल्यावर ती आपलेसुद्धा खिरापतीसारखे वाटत सुटली होती. मला वाटलं, हिला माझ्यापासून सुटका हवी होती, ती मिळाली, म्हणून आता हात सैल झालाय. मी कागद तसेच ठेवून खाली गेलो. चाचांनी त्या दिवशी अमेरिकेचं काही विचारलं नाही. बाजूला सरकून त्यांनी ओट्यावर मला जागा करून दिली.

मुंबईची गाडी संध्याकाळची होती. त्या दिवशी सकाळी मी अंथरुणात तोंडावर पांघरूण घेऊन पडून होतो. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप थप थप थप, एकसारखा, कुठं न लंगडणारा. मला वाटलं, आई. मग आई अंगणात कुणाशी तरी बोलताना ऐकू आली. मी उठून बसलो.

अक्का परातीपुढं बसून उजव्या हातानं भाकरी थापत होती. छान गोल, सगळीकडून सारखी. पिठाच्या डब्याशेजारी नेलकटर पडलं होतं. तिच्या उजव्या हाताची सगळी नखं मुळापर्यंत कापलेली होती. अंगठ्याचं तर इतकं की कातडी लाल झाली होती.

“अक्का.”

“बस. गरम आहे तोवर खा.”

“हे काय केलंस?”

“भाकरी.”

“नखं कुठायत?”

“वाढली होती. कापली.”

“आज गाडी आहे.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. माझ्याकडे बघितलं नाही. “तू नाहीस तर मला वाजवायचं नाही,” ती म्हणाली. “झालं? आता खा.”

मी खाल्लं नाही. मी ओरडलो. मी सांगितलं होतं काय तुला, मी मागितलं होतं काय, असलं काहीबाही. आई धावत आत आली, तिनं अक्काचा हात पाहिला आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

दुपारी सर आणि नेव्हिल जेवायला आले, ठरल्याप्रमाणे. अक्का वाढायला वाकली तेव्हा सरांना तिची बोटं दिसली. गिटारवाल्याला पुढचं सांगावं लागत नाही. नखांशिवाय वाजवणारी माणसं असतात, पण नखांवर वाढलेला हात एका दिवसात तसा होत नाही, आणि कापलेली नखं परत यायला महिने लागतात. सर भरल्या ताटावरून उठले. नेव्हिल अर्धवट उठून तसाच उभा राहिला. दारात सर माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, आता मारतात.

“तुझा हात देवानं नेला,” ते म्हणाले. “हिचा तू नेलास.”

त्यानंतर सरांनी कुणाला शिकवलं नाही. मोंटेव्हिडिओचं बोलावणं विरून गेलं. अक्काचं नाव मात्र कॉलनीत झालं. नाताळच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात बहिणीच्या त्यागाचा दाखला दिला, नाव न घेता. नाव घ्यायची गरजच नव्हती. अख्खी मंडळी मान वळवून माझ्याकडे बघत होती. कुणीतरी आपल्यासाठी आयुष्य टाकून दिलं, हे ऐकायला गोड वाटतं. ज्याच्यासाठी टाकलं त्याला विचारा. त्याला मरायचीही सोय राहत नाही.

पुलावर जाणं सुटलं ते त्यामुळंच. मी फार्मसी केली, मिरजेतच मेडिकल दुकान टाकलं. अक्का लग्न होऊन कोल्हापूरला गेली. तिनं नखं परत वाढवली नाहीत. भेटायचो नाताळला, बारशाला, लग्नात. ती डबा भरून करंज्या आणायची, मी उन्हाळ्यापावसाळ्याचं बोलायचो. मला तिचा राग होता. न मागता उपकार करून जाणाऱ्या माणसाचा येतो तसला, ज्याला उघड रागावताही येत नाही. तिनं तो ओळखला होता, पण वीस-बावीस वर्षांत एकदाही त्याबद्दल तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी सर वारले. खोली रिकामी करायची होती आणि ट्रंक आम्हा दोघांना द्यावी असं ते सांगून गेले होते. अक्का कोल्हापूरहून आली. चाचाही राहिले नव्हते. खाली त्यांचा मुलगा बसत होता. लाखेचा वास मात्र तोच. मी ट्रंकेवरची धूळ झटकत होतो, तेवढ्यात अक्कानं भिंतीवरची सरांची गिटार उतरवली.

“सुरात लागते का बघू,” ती म्हणाली.

पूर्वीच्याच स्टुलावर बसून तिनं खुंट्या पिळल्या, अंगठ्यानं एकेक तार लावली. मग हात नेहमीच्या जागी ठेवला. वाजवायचं तिच्या मनातही नसावं, हातच गेला असेल. मी सहज बघत होतो. तिचं अंगठीचं बोट हळूच वाकलं आणि तळहातात जाऊन बसलं.

तिनं हात झटकन उचलला. बोट सरळ झालं.

“परत ठेव,” मी म्हणालो.

“जाऊ दे रे. सवय गेली आता.”

“अक्का, हात परत ठेव तारांवर.”

तिनं ठेवला. बोट आत. सवय गेलेल्या हाताची बोटं अडखळतात, घसरतात. अशी आत जात नाहीत. ती चाल मी जगात दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिली नव्हती.

“कधीपासून?”

ती गिटारकडे बघत राहिली. खालून कुणीतरी तंबोऱ्याची तार पुन्हा पुन्हा छेडत होतं.

“नेव्हिल यायच्या आधीपासून.”

“वरचे सूर घेतलेस तेव्हापासून?”

“पहिल्यांदा नुसतं जड व्हायचं. मला वाटलं, थकलंय. मग मी जास्त वाजवलं.” ती किंचित हसली. “सर म्हणायचे ना, जास्त वाजव.”

“म्हणून त्याला तुकडे देत होतीस.”

“किती देणार? सगळेच कसे देणार? मुंबईत लोकांसमोर ते आत गेलंच असतं.”

“मग सांगायचं होतंस! माझंही गेलं म्हणून सांगायचं. नखं कशाला कापलीस? सगळ्या गावाला, मला... मी काय समजत होतो एवढी वर्षं!”

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कशानं गेलं म्हणून.”

मी ट्रंकेच्या झाकणावर बसलो.

“आणि तुला उत्तर लगेच कळलं असतं,” अक्का म्हणाली. “तू तेव्हा रोज पुलावर जात होतास सायल्या. मी बघत होते. त्यात तुला हे कळलं असतं, की तुझे सूर घेऊन माझा हात गेला... मला तुझा राग चालला. तू रागावून का होईना, घरी येत होतास.”

तिनं गिटार परत भिंतीवर टांगली. ती सरळ लोंबकळेपर्यंत हात लावून उभी राहिली.

“सरांना ठाऊक होतं?”

“छे. कुणालाच नव्हतं.”

हिचा तू नेलास, असं सर माझ्या तोंडावर म्हणाले होते. रागाच्या भरात म्हणाले होते. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते ते बरोबर बोलून गेले होते, आणि मी सगळी वर्षं त्याचा चुकीचा अर्थ घेऊन अक्कावर चिडून जगलो होतो. मला रडू आलं.

खालून चाचांच्या मुलानं हाक मारली. टेंपो आला होता.

“चल,” अक्का पदर खोचत म्हणाली. “जड आहे हं. कंबर सांभाळ.”

ट्रंकेला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या होत्या. ती एकीकडे वाकली, मी दुसरीकडे. कडी धरायला बोटं आत वळवावी लागतात. आमची दोघांचीही लगेच वळली. अक्कानं नाकानं श्वास घेतला आणि ट्रंक दोन्हीकडून एकदम उठली.